सायकल चालन : देशोदेशींचे दृष्टिकोन

सायकल चालन : मनोरंजन, क्रीडा व दैनंदिन वाहतूक या तिन्ही हेतूंनी केला जाणारा सायकलीचा वापर. दोन समान चाके, साखळी, पायडल व हँडल अशी सायकलीची मूलभूत रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिर झाली आणि तेव्हापासून ती सर्व देशांत जवळजवळ एकसारखी आहे. तथापि या यंत्राकडे पाहण्याची दृष्टी मात्र देशपरत्वे, किंबहुना एकाच देशात वर्गपरत्वे भिन्न आढळते. कोठे सायकलस्वार हा राष्ट्रीय वीर मानला जातो, कोठे सायकल हे घरातील छत्रीइतके सामान्य साधन समजले जाते, तर कोठे ती दारिद्र्याची खूण ठरते. या भिन्नतेचे मूळ लोकांच्या स्वभावात शोधण्याचा प्रघात आहे. परंतु इतिहास पाहता रस्त्यांची स्थिती, कायदा, लोकांचे उत्पन्न, सायकल-उद्योगाचे धोरण आणि वृत्तपत्रांचा पुरस्कार ही कारणे अधिक निर्णायक असल्याचे दिसते. ही कारणे बदलली, की दृष्टीही एका पिढीत बदलते. महाराष्ट्रात या विविध दृष्टी एकाच वेळी नांदताना दिसत असल्याने येथील उदाहरणे या विषयाच्या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहेत.

फ्रान्स, इटली व बेल्जियम : या देशांत सायकल शर्यतींना लोकोत्सवाचे स्वरूप प्राप्त झाले. त्यास प्रामुख्याने वृत्तपत्रे कारणीभूत झाली. ‘लोतो’ या फ्रेंच क्रीडापत्राचा खप वाढावा, म्हणून आंरी देग्रांझ या संपादकाने १९०३ मध्ये ‘तूर द फ्रान्स’ ही टप्प्याटप्प्यांची शर्यत सुरू केली. इटलीत ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या वृत्तपत्राने १९०९ मध्ये ‘जिरो द इटालिया’ ही शर्यत चालू केली. आघाडीवरील स्पर्धकाला फ्रान्समध्ये पिवळा (१९१९ पासून) व इटलीत गुलाबी (१९३१ पासून) सदरा देण्याची प्रथा पडली. लोतो हे पत्र पिवळ्या, तर गाझेत्ता हे गुलाबी कागदावर छापले जाई, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. शर्यत घरासमोरून जाते आणि ती पाहण्यास तिकीट लागत नाही, म्हणून शेतकरी व कामगार वर्गाला ती आपली वाटली. इटलीत लोंबार्डीतील गिसाल्लोच्या मेरीमातेला १९४९ मध्ये पोपने सायकलस्वारांची संरक्षक देवता म्हणून मान्यता दिली.

फ्रान्समध्ये शर्यतीच्या जोडीने सहलीची परंपराही वाढली. १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळू लागल्यानंतर असंख्य कुटुंबे सायकलीवरून समुद्रकिनाऱ्याकडे निघाली. या दोन परंपरांमध्ये साधनांविषयी मतभेदही होता. पॉल द व्हिव्ही या प्रवासप्रेमी लेखकाने चढणीसाठी गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा हिरिरीने पुरस्कार केला; देग्रांझ मात्र अशी यंत्रणा दुर्बलांसाठी आहे, असे मानी. त्यामुळे तूर द फ्रान्समध्ये साखळी सरकवणाऱ्या गिअरना १९३७ मध्येच मुभा मिळाली. सहलीच्या सायकलीवर आधीपासून रुळलेले साधन शर्यतीने उशिरा स्वीकारले, याचे हे ठळक उदाहरण होय.

ग्रेट ब्रिटन : सायकल-उद्योगाचे माहेरघर असलेल्या या देशात शर्यतींविषयीची वृत्ती याच्या नेमकी उलट होती. येथे हौशी प्रवाशांची संघटना १८७८ मध्येच स्थापन झाली. परंतु सार्वजनिक रस्त्यावरील शर्यतींमुळे पोलिसांचा व जमीनदारांचा रोष ओढवून सायकलींवरच बंदी येईल, या भीतीने खुद्द राष्ट्रीय सायकलस्वार संघानेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा शर्यतींवर बंदी घातली. तीवर उपाय म्हणून एफ्. टी. बिडलेक यांच्या पुढाकाराने १८९५ पासून वेळ-चाचणीचा प्रकार रूढ झाला. यात स्पर्धक ठराविक अंतराने एकेकटे सुटत. शर्यत भल्या पहाटे होई. मार्गाला सांकेतिक नाव असे आणि स्पर्धक काळे कपडे घालीत. १९४२ मध्ये पर्सी स्टॅलर्ड याने वेल्समधील लँगॉलनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत सामुदायिक शर्यत भरविली, तेव्हा त्याला संघातून काढून टाकण्यात आले. या वादातील दोन संघटना १९५९ मध्ये एकत्र आल्या. अशा रीतीने एका संघटनेच्या नियमामुळे अर्धशतकाहून अधिक काळ तेथील सायकलस्वार हा एकांतप्रिय राहिला. तो जन्मतः तसा होता, असे म्हणता येत नाही.

नेदर्लंड्स व डेन्मार्क : या देशांत सायकल हे मुख्यतः नित्याच्या येण्याजाण्याचे साधन आहे. नेदर्लंड्समध्ये लोकसंख्येपेक्षा सायकलींची संख्या अधिक आहे. तेथील नेहमीची सायकल ताठ बसून चालविण्याजोगी, बंदिस्त साखळीची, मडगार्ड व दिवे असलेली आणि वजनदार असते. तीवरून जाताना वेगळा पोशाख करावा लागत नाही व शिरस्त्राणही सहसा कोणी घालत नाही. डच भाषेत नेहमीच्या सायकलस्वाराला ‘फीट्सर’ व शर्यतीच्या सायकलस्वाराला ‘विलरेनर’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, यावरून हे दोन व्यवहार तेथे किती वेगळे मानले जातात, ते कळते. तथापि हेही काही सनातन डच वैशिष्ट्य नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, तसा तेथे सायकलींचा वापर घसरत गेला. १९७१ मध्ये रस्त्यांवरील अपघातांत ३,००० हून अधिक लोक मृत्यू पावले. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. मुलांचे बळी थांबवा, अशी मागणी करणारी पालकांची चळवळ १९७२ नंतर उभी राहिली. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले. त्यानंतर शासनाने स्वतंत्र सायकल-मार्ग बांधण्याचे धोरण नेटाने राबविले. आजचे डच चित्र हे त्या धोरणाचे फलित आहे.

अमेरिका व इतर देश : अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सायकल शर्यती अत्यंत लोकप्रिय होत्या. मेजर टेलर हा कृष्णवर्णीय स्पर्धक १८९९ मध्ये जगज्जेता ठरला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवस अहोरात्र चालणाऱ्या शर्यती होत. पुढे मोटारीच्या प्रसाराबरोबर सायकल हे तेथे प्रामुख्याने मुलांचे खेळणे झाले. १९७० नंतर कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यातील तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरउतारांवर चालविण्यास प्रारंभ केला. त्यातून डोंगरी सायकलीचा प्रकार निघाला व १९९६ मध्ये त्याचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला. ऑस्ट्रेलियात १९९० पासून शिरस्त्राण कायद्याने सक्तीचे होऊ लागले. नेदर्लंड्सशी तुलना करता हा विरोध लक्षणीय आहे. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा येथे सुरू झालेली ‘केइरिन’ ही शर्यत सट्ट्यासाठीच भरविली जाते. पैजा लावणाऱ्यांना सर्व स्पर्धकांची साधने समान असल्याची खात्री वाटावी, म्हणून तेथे प्रमाणित पोलादी सांगाड्याच्याच सायकली वापराव्या लागतात. आफ्रिकेतील एरिट्रियात इटालियन राजवटीबरोबर शर्यती आल्या. तेथील बिनियाम गिरमाय याने २०२४ च्या तूर द फ्रान्समध्ये तीन टप्पे जिंकून हिरवा सदरा मिळविला. वसाहतवाल्यांकडून आलेला खेळ स्थानिकांनी आपलासा केल्याचे हे उदाहरण भारतीय वाचकास क्रिकेटची आठवण करून देणारे आहे.

भारत : भारतात सायकल आली ती मुख्यतः ब्रिटिश बनावटीची. रॅले, हंबर, बीएसए ही नावे मराठी घरांतही परिचित होती. प्रारंभी ती साहेब, वकील, डॉक्टर व सरकारी नोकर यांचे प्रतिष्ठेचे वाहन होती. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे टीआय सायकल्स (१९४९), सोनीपत येथे ॲटलस (१९५१), आसनसोल येथे सेन-रॅले (१९५२) व लुधियाना येथे हीरो (१९५६) हे कारखाने निघाले आणि सायकल सामान्य माणसाच्या आटोक्यात आली. या कारखान्यांनी मुख्यत्वे एकच नमुना काढला : २८ इंची चाके, सळईचे ब्रेक, मागे मजबूत कॅरिअर, पूर्ण मडगार्ड आणि सु. २० किग्रॅ. वजन. ही सायकल ओझे वाहण्यास व खराब रस्त्यावर टिकण्यास उत्तम, परंतु शर्यतीस निरुपयोगी होती. परदेशी हलक्या सायकलींच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने शर्यतपटूंना चांगले साधन मिळणे दुरापास्त होते. जगातील सर्वांत मोठ्या सायकल-उत्पादक देशांपैकी एक असूनही भारत शर्यतींत दीर्घकाळ मागे राहिला, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. पुढे दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी बंदिस्त लाकडी धावपट्टी व आधुनिक सायकली उपलब्ध झाल्या, तेव्हा चित्र पालटू लागले : २०१९ मध्ये कुमारांच्या जागतिक स्पर्धेत भारतीय संघाने सांघिक वेगशर्यतीचे सुवर्णपदक मिळविले.

महाराष्ट्र : महाराष्ट्रात सायकल-क्रीडेचा पाया मुख्यतः मुंबईतील पारशी समाजाने घातला. आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे तरुण जगप्रवासासाठी १९२३ मध्ये आणखी तीन साथीदारांसह मुंबईहून निघाले आणि सु. ७१,००० किमी. प्रवास करून १९२८ मध्ये परतले. त्यांनी आपल्या प्रवासाचे वर्णन १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ यांनी १९३३ ते १९४२ या काळात असाच प्रवास केला. लंडन ऑलिंपिकमध्ये (१९४८) प्रथमच उतरलेल्या भारतीय सायकल संघातही मुंबईच्या पारशी खेळाडूंचा भरणा होता.

१९४५ मध्ये मुंबई–पुणे सायकल शर्यत सुरू झाली. मधूनमधून खंड पडूनही ती महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध सायकल शर्यत ठरली. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत बोरघाटाचा सु. ५०० मी. उंचीचा चढ हा तिचा निर्णायक भाग असून, तो प्रथम पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जातो. युरोपीय शर्यतींतील पर्वतराजाच्या किताबाशी त्याचे साम्य उघड आहे. सह्याद्रीच्या घाटाशी मराठी माणसाचे जे जुने नाते आहे, त्यामुळे हा किताब लोकांच्या मनात अंतिम विजेतेपदाइतकाच मानाचा ठरला. पश्चिम महाराष्ट्रातील सांगली, मिरज, कोल्हापूर या भागांतूनही अनेक चांगले स्पर्धक पुढे आले. स्थानिक स्पर्धांत गिअरच्या आणि साध्या सायकलींसाठी स्वतंत्र गट ठेवण्याची पद्धत आढळते. साधनांच्या किंमतीतील तफावत स्पर्धेवर मात करू नये, हा त्यामागील हेतू आहे. केइरिनमध्ये जे सट्ट्यासाठी केले गेले, तेच येथे गरजेपोटी केले गेले. पुण्याजवळ बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या क्रीडासंकुलात सायकलींची धावपट्टीही आहे.

लहान गावांतून आणखी एक प्रकार लोकप्रिय होता. एखादा सायकलपटू शाळेच्या किंवा बाजाराच्या मैदानात कित्येक दिवस सायकलवरून न उतरता फेऱ्या मारी. खाणे, अंघोळ, कपडे बदलणे हे सारे सायकलवरच उरके. रात्री ध्वनिवर्धकावर गाणी लागत, कसरती होत व प्रेक्षक नाणी-नोटा बक्षीस देत. न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या शर्यतीप्रमाणेच येथेही सोशिकता हाच प्रेक्षणाचा विषय होता. फरक इतकाच, की येथे प्रतिस्पर्धी नव्हता व उत्पन्न प्रेक्षकांच्या दातृत्वावर अवलंबून होते. क्रीडेच्या इतिहासात या कलावंतांची नोंद क्वचितच झाली आहे.

पुणे हे दीर्घकाळ सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. विद्यार्थी, प्राध्यापक, कामगार, गृहिणी असे सर्व थर सायकल वापरीत. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. सायकल-कराचा बिल्ला, रात्री दिवा लावण्याची सक्ती आणि ‘डबलसीट’ जाणाऱ्यास दंड या गोष्टी त्या काळातील नागरिकांच्या नित्य परिचयाच्या होत्या. पुढे स्कूटर व मोटारसायकली सुलभ झाल्या आणि सायकलींची संख्या झपाट्याने घटली. काही रस्त्यांच्या कडेने सायकल-मार्ग बांधण्यात आले. परंतु ते सलग नसल्याने व त्यांवर वाहने उभी राहत असल्याने त्यांचा अपेक्षित उपयोग झाला नाही. २०१७ मध्ये सुरू झालेली भाडे-सायकल योजनाही थोड्याच वर्षांत बंद पडली. डच अनुभवाशी तुलना केल्यास उणीव आवडीची नसून सलग मार्गाची होती, असे दिसते.

एकविसाव्या शतकात शहरी मध्यमवर्गात सायकल पुन्हा आली, ती छंद व आरोग्यसाधना म्हणून. फ्रान्समधील ओदाक्स परंपरेनुसार २०० ते १,२०० किमी. अंतर ठराविक वेळेत पुरे करण्याचे उपक्रम महाराष्ट्रातील अनेक शहरांत होतात. त्यांत क्रमांक दिला जात नाही. नाशिकचे हितेंद्र व महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू २०१५ मध्ये अमेरिका आरपार (सु. ४,८०० किमी.) ही शर्यत दोघांच्या संघाने पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये सु. २९,००० किमी.ची जगप्रदक्षिणा केली. नाशिक, पुणे इ. शहरांतून पंढरपूरला जाणारी सायकलवारी ही या छंदाला मिळालेली खास मराठी जोड होय.

ग्रामीण महाराष्ट्र : शहरातील या पुनरुज्जीवनाशी ग्रामीण सायकलीचा संबंध अल्प आहे. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरील गाव या दृष्टीने प्रातिनिधिक म्हणता येईल. अशा गावांत सायकल म्हणजे दुधाच्या किटल्या, चाऱ्याचा भारा, दळणाचे पोते किंवा दप्तरासह मूल वाहून नेणारे साधन होय. काळ्या जमिनीतील पावसाळी चिखल मडगार्ड व टायर यांमध्ये साचून चाक अडते, म्हणून ते काढून टाकलेल्या सायकली खेड्यांत दिसतात. मुले प्रथम मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून चालवायला शिकतात. कोणताही भाग गावातच दुरुस्त व्हावा, ही येथील मुख्य अपेक्षा असते. छर्रे, आऱ्या, साखळी हे सारे सुटे मिळते व बाजाराच्या दिवशी बदलता येते. कार्बन तंतूंचा सांगाडा किंवा विद्युत् गिअर यांचा येथे काहीच उपयोग नाही. म्हणून जुन्या ब्रिटिश नमुन्याला चिकटून राहणे हे मागासलेपणाचे लक्षण नसून परिस्थितीला दिलेले सुज्ञ उत्तर आहे.

मुलींच्या शिक्षणाच्या संदर्भात या साध्या सायकलीचे महत्त्व सर्वाधिक ठरले आहे. बिहारमध्ये २००६ पासून माध्यमिक शाळेतील मुलींना सायकली देण्यात आल्या, तेव्हा त्यांची शाळेतील नोंदणी लक्षणीय प्रमाणात वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत १२५ मागास तालुक्यांतील, शाळेपासून पाच किमी.च्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलींसाठी साहाय्य दिले जाते. या मुलींच्या दृष्टीने सायकल ही क्रीडाही नाही आणि छंदही नाही. शाळा चालू राहणे किंवा सुटणे यांतील तो फरक आहे.

साधनसामग्री : साधनांविषयीचे नियम हेही दृष्टिकोनाचेच द्योतक असतात. फ्रांसिस फोर याने १९३३ मध्ये आडवे बसून चालविण्याच्या सायकलीवर तासाचा विक्रम मोडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेने १९३४ मध्ये सायकलीची व्याख्याच निश्चित करून असा प्रकार शर्यतींतून वगळला. सायकलीचे वजन ६·८ किग्रॅ.पेक्षा कमी असू नये, असा नियम २००० पासून आहे. शर्यतींत शिरस्त्राण २००३ पासून सक्तीचे झाले. म्हणजे शर्यतीची सायकल ग्रामीण महाराष्ट्रातील सायकलीच्या एकतृतीयांश वजनाची असते. शहरी हौशी सायकलस्वार शर्यतीच्या सायकलीचे अनुकरण करतो. दैनंदिन वापरास उपयुक्त असे दिवे, घंटी, मडगार्ड व कॅरिअर हे भाग त्यामुळे नव्या भारतीय सायकलींतून गळत चालले आहेत, तर डच सायकलींत ते टिकून आहेत.

मूल्यमापन : मराठीत आज ‘सायकलवाला’ व ‘सायकलिस्ट’ हे दोन शब्द रूढ झाले आहेत. पहिला गरजेपोटी सायकल चालविणाऱ्यास, तर दुसरा हौसेने चालविणाऱ्यास लावला जातो. डच भाषेतील शब्दभेद हा दोन व्यवहारांतील आहे; मराठीतील हा भेद दोन वर्गांतील आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सु. ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर स्कूटर वा मोटारसायकल सु. २१ टक्के कुटुंबांकडे. त्या वेळी म्हणजे सायकलवाल्यांची संख्या सायकलिस्टांहून कितीतरी अधिक होती. परंतु वृत्तपत्रांतील प्रसिद्धी, क्रीडास्पर्धा व सायकल-मार्गांच्या योजना यांत दुसऱ्याचाच विचार प्रथम होतो. मार्ग बहुधा फिरायला जाण्याच्या रस्त्याने आखला जातो; कारखान्याच्या किंवा बाजाराच्या रस्त्याने सहसा नाही. महामार्ग रुंद होतात, तेव्हा कडेने सायकलीवरून जाणाऱ्या मजुराची व शाळकरी मुलीची वाट अरुंद होते. नेदर्लंड्समधील चळवळ शर्यतपटूंनी नव्हे, तर मुलांच्या पालकांनी उभी केली होती आणि तिचा लाभ पुढे सर्वांनाच झाला. महाराष्ट्रात घाटाच्या राजाला लाभलेला आदर दूध घेऊन जाणाऱ्या सायकलस्वाराच्या वाट्याला आला नसला, तरी दोघांनाही लागणारा सुरक्षित रस्ता एकच आहे.